पथारीवर वाचलेली कादंबरी

परवा कपाटातून ती कादंबरी काढली आणि पान उघडताच सणसणून शिंक आली. तिच्यात अजून मिरचीचा खकाणा आहे. ती वाचली तेव्हा नंदुरबारबाहेर आमच्या पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानात, लालभडक मिरच्या वाळत होत्या, कडेला बायका देठ खुडत बसल्या होत्या आणि मी नवी कोरी कुमार कादंबरी हातवारे करत त्यांना वाचून दाखवत होते. "कालेजनी पोरनी गोष्ट, त्यामा आम्हले काय शे?" असं त्यांच्यातल्या एका काकूने आधीच ऐकवलं होतं, तरी पान संपलं की तीच म्हणायची, "मंग?" कादंबरीतली मुलगी आईशी भांडून वसतिगृहात जाते आणि शेवटी फोन करते, दोघी काही बोलत नाहीत, पण फोन कोणीच ठेवत नाही. मला हा शेवट फार मिळमिळीत वाटला होता, म्हणून मी तो भराभर उरकला. वर पाहिलं तर सगळ्यांचे हात थांबलेले. काकूची मुलगी लोणखेड्याला वसतिगृहात होती आणि दिवाळीतल्या भांडणापासून मायलेकींचा अबोला होता. काकू म्हणाली, "तिले फोन लाव. मन्हा हातले मिरची लागेल शे." मी फोन लावून तिच्या कानाशी धरला. पलीकडून उचलला गेला, पण बोलेना कोणीच. माझा हात भरून आला, तरी मी फोन हलू दिला नाही. मग काकू हळूच म्हणाली, "जेवनी का?" आता कोणी कादंबरीचा शेवट मिळमिळीत आहे म्हटलं, की मी एवढंच विचारते, कोणाला वाचून दाखवली होतीस?