कुंडीतली कोमट माती

नव्वदच्या दशकात माझ्या नणंदेनं कोकणातून कोल्हापूरला एक अँथुरियम आणून दिलं. सासूबाईंनी त्याच्या लाल फुलाचं कधी कौतुक केलं नाही, पण त्याला थंडी वाजेल याची त्यांना भारी काळजी. पंचगंगेवरून धुकं यायला लागलं की त्या कुंडीला पोतं गुंडाळायच्या. रोज सकाळी न्हाणीतल्या बंबाचं पाणी काढून, त्यात कोपर बुडवून बघायच्या आणि कोमट झालं की मगच झाडाला घालायच्या. "गार घालू नगंस, काकडंल ते," असं मला बजावायच्या. मी मनातल्या मनात चिडायची. तोंडावर बोलायची सोय नव्हती. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळलेलासुद्धा चालायचा नाही.

एका पावसाळ्यात त्या गेल्या. मी डोक्यावर पदर घेणं सोडलं. थंडी पडल्यावर झाडाला पाणी घालायला गेले, तर माती आधीच ओली, आणि कोमट. मग रोज तेच. नवरा गुपचूप घालतोय असं समजून मी गप्प राहिले. शेवटी म्हटलं, "अशानं मुळं कुजतील." तो म्हणाला, "मी कुठं घालतोय? मला वाटलं तूच घालतीस."

घरात आम्ही दोघंच होतो.

मी हट्टानं गॅसचा गिझर बसवून घेतला आणि बंब मोडीत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या कुंडीत बोट खुपसलं. माती कोमट होती. बोटाला बंबाच्या धुराचा वास येत होता.

माझा हात आपोआप वर गेला आणि मी पदर डोक्यावर ओढून घेतला.