उपासाची गोळी

पिशवीत मेथी हुती, कोथिंबीर हुती, माझं बाळ न्हवतं. आत्या, म्हंजे माझी सासू, बाजारातनं येऊन निवांत पंख्याखाली बसलेल्या. आत्या, बाळ कुटं, म्हणलं तर माझ्याच तोंडाकडं बघाय लागल्या.

"कुणाचं बाळ?"

 तशीच बाजाराकडं पळाले, चप्पल न्हाय पायात, पदर कुटं मी कुटं. बाळ भाजीवालीच्या मांडीवर, मुळ्याचं पान चगळत बसलेलं. भाजीवाली म्हणती, म्हातारीनं सुट्टं पैसं मागून घेतलं, पोरगं मागायचं राहिलं.

मग घरात शहाणी माणसं गोळा झाली. मालक म्हणले, वय झालं आईचं, एवढं बोलून मालकांचं काम झालं. नणंद जुळे सोलापुरातनं, तिकडच्या नव्या वस्तीतनं आली. ती फ्लॅटात ऱ्हाती, म्हणून तिला समदं कळतंय. येतानाच आजाराचं नाव घेऊन आली, अल्झायमर, आन् ते असं म्हणायची जसं काय नव्या साडीचं नाव सांगती. वर मोबाईलात वाचलेलं, गेलेली आठवण थायरॉईडच्या गोळीनं माघारी येती का, त्याचं संशोधन चाललंय म्हणं. आईची थायरॉईडची गोळी हायच की, मग रोज दोन द्या, म्हणली. मी आठवीतनं उठलेली, मला कोण इचारतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीत भीत एकच गोळी पुढं केली. आत्यांनी हातच मागं घेतला.

"आज मंगळवार हाय. माझा उपास सोमवारी."

मला आधी कळंचना. मग डोक्यात लख्ख झालं. डॉक्टर म्हणले हुते, गोळी उपाशीपोटी घ्या. आत्यांनी ती उपासाला घेतली, सोमवारी आन् चतुर्थीला, ती बी शाबूच्या खिचडीवर. आन् मालक वर्षभर कौतुक करायचे, आईची गोळ्यांची बाटली लई दिस पुरती.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉईड पार बिघडलेला. म्हणले, गोळी रोज एकच, दोन दिल्या असत्या तर हृदयावर आलं असतं. नणंद तवा मोबाईलात काय शोधत हुती कुणास ठाऊक, मान वर केली न्हाय. मी इचारलं, आता आठवण येईल का? थायरॉईडमुळं गेली असंल तेवढी येईल म्हणले, पर अल्झायमर बी असंल तर ही गोळी त्याला लागू पडती का, ते अजून कुणालाच पक्कं ठाऊक न्हाय.

आता रोज आधी गोळी, मग अर्ध्या तासानं चहा. दोन महिन्यांत आठवण आली की. पयली आठवण कसली, तर माझ्या माहेरनं मानाची साडी हलकी आलेली. काठासकट आठवली.

मालक खूश. आई बरी झाली म्हणत्यात, बाळ तिच्याजवळ दे आन् तू टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जा. आज डबा भरून दारात उभी ऱ्हायले. आत्यांनी हात पसरलं, बाळ बी झेप घेतंय, आन् त्यांनी लाडानं हाक मारली.

नाव माझ्या मालकांचं घेतलं.

मालक म्हणत्यात, लाडानं म्हणली असंल. मी बाळाला घट्ट धरून अजून उंबऱ्यातच हाय. तुमी दिलं असतं का?