जिन्यावरचं फुकटचं नेट

"फुकटचं पचत न्हाय," असं आमची आई म्हणते. मला मात्र आजवर पचत आलेलं आहे. ब्लाउज शिवायच्या कोर्सचा फॉर्म मी सोलापूर स्टेशनावर बसून भरला, कारण तिथं नेट फुकट. गाडी कुठलीच पकडायची नाही, तरी पिशवी मांडीवर घेऊन प्रवाशासारखं बसायचं. एकदा एका हमालानं विचारलं, "ताई, तुमची गाडी रोजच चुकती का?" मी म्हटलं, "व्हय की, लई उशिरा येती." तो हसत हसत गेला आणि मी फॉर्म पुरा केला.

स्टेशन गाठायची हौस नव्हती हो मला. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे पत्र्याचे शेड, मध्ये दबून आमचं घर. फोनला रेंज म्हणजे प्रसाद, मिळाला तर मिळाला. जर्मनीहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला की त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं, आणि आई घाबरून विचारायची, "त्याला काय झालं गं?"

मग एका संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढायला गेले, तर जिन्याच्या वरच्या पायरीवर फोन आपण होऊनच विचारायला लागला, जोडायचं का म्हणून. पासवर्ड नाही, काही नाही. मी जोडलं आणि अहाहा! भावाला फोन लावला तर त्याच्या मिशीचा केस न् केस दिसायला लागला. आईनं पदरानं स्क्रीन पुसून लेकाला पाहिलं. आनंदानं माझा जीव नुसता वेडा झाला होता. त्या दिवसापासून ती पायरी माझी झाली. गल्लीतल्या बायकांच्या ब्लाउजांचे निम्मे गळे मी तिथंच, फोन मोठ्यानं लावून शिकले.

आईला एकच घोर. नेट कुणाचं? समोरच्या काकूंच्या खिडकीजवळून नवी काळी वायर गेलेली दिसत होती आणि त्यांचा जावई हैदराबादला कंप्युटरमध्ये. झालं, आईनं निकाल दिला, नेट काकूंचं. काकूंच्या घरी तेलुगू बोलतात, यजमान टॉवेलच्या कारखान्यात, बाई स्वभावानं लोण्याहून मऊ. आई म्हणाली, "तोंडानं काय बोलू नगं, लाजंल बिचारी. आपण आपलं वाटी पाठवू."

आणि वाटी सुरू झाली. आज शेंगाचटणी, उद्या पुरणपोळी, सणाला करंज्या. काकूही वाटी कधी रिकामी पाठवणाऱ्यातल्या नव्हेत. तांदळाच्या पिठाची कुरकुरीत कडबोळी, चिंचेचा भात, काही ना काही येतच राहिलं. नेटच्या भाड्यापायी आमचं वजन वाढलं. फक्त एक खोड होती त्या नेटला, उन्हाळ्यात भर दुपारी ते गायब व्हायचं. मी समजायचे, काकू झोपताना सगळी बटणं बंद करत असतील.

आमच्या बोळाच्या टोकाला, काकूंच्या घरामागं, एक सर राहतात. शाळेतून निवृत्त, एकटेच. त्यांच्याशी आमचा अबोला. सोलापुरात नळाला पाणी काही रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी माणसाची माणुसकी आटते. सरांनी एकदा लाईनला मोटर लावली आणि आमचा नळ सुकला. आईनं भर गल्लीत विचारलं, "मास्तर, पोरांस्नी हेच शिकवलं काय?" सर म्हणाले, "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही." तेव्हापासून त्यांनी ते पाळलं आणि आईनंही.

अशात जर्मनीत भावाला मुलगा झाला. मी आत्या झाले! बारशाला कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि एवढ्या लांब जायचं कुठून आणि कसं? भाऊ म्हणाला, "अक्का, फोन बाळाच्या कानाला लावतो, तू तिथून सांग." नाव मी ठरवलं होतं. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, मनातल्या मनात शंभरदा म्हणून पाहत होते.

बारशाची वेळ आपल्याकडच्या अकराची. पहाटे उठून आईनं बारशाच्या घुगऱ्या शिजवल्या, गल्लीत घरोघर वाटल्या. सरांचं दार वगळून, हे सांगायला नकोच. काकू नवी साडी नेसून आमच्या जिन्यावर येऊन बसल्या. आणि बाळराजे झोपले. उठले, प्यायले, पुन्हा झोपले. तिकडं पाहुणे नाश्त्याला खोळंबले होते. बारा वाजून गेल्यावर एकदाचा पाळणा हलला, मी घसा खाकरला, आणि नेट गेलं.

पुन्हा पायरी चढले, उतरले, फोन डोक्यावर धरला. कशीबशी एक ओळ भावाकडून आली: अक्का, थोडं थांबतो, नाहीतर हिची इथली मैत्रीण नाव घेईल. मैत्रीण! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण कुठली बाई, ती माझ्या भाच्याच्या कानात कुर्र करणार? आणि मी काय इथं पत्र्यावर कावळे मोजू?

"काकू, लवकर घरी चला, तुमचं बटण चालू करा!"

"कसलं बटण?"

"नेटचं हो! तुमच्याच नेटवर चाललंय ना सगळं!"

काकूंनी कपाळावर हात मारला. "अय्यो! माझ्याकडं कुठलं नेट? मीच सरांचं वापरते की. वायर त्यांच्याकडं गेली."

आई म्हणाली, "मग एवढ्या वाट्या कशापायी घेतल्या गं?"

"मला वाटलं, तुमचा जीव आहे माझ्यावर!"

"जीव हायच की!" आई ओरडली. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

आता सरांकडं जायचं कुणी? मी निघालेच होते. आईनं मला थांबवलं, आत गेली, मोठ्या वाडग्यात घुगऱ्या भरल्या आणि डोक्यावर पदर घेऊन स्वतः पुढं झाली. आम्ही दोघी मागं. सरांनी दार उघडलं तेव्हा डोळ्यांवर झोप होती, खांद्यावर ओला पंचा.

आईनं वाडगा पुढं केला. "नातवाचं बारसं हाय. तुमचं नेट पायजे."

सरांनी वाडगा घेतला, आम्हा तिघींकडं पाहिलं. "दुपारी बंद ठेवतो. या उन्हात नेटचा राऊटर इतका तापतो, की हात लावला तर चटका बसतो. चला, आत या, इथंच बसा."

बटण दाबून हिरवा दिवा लागायची वाट बघत उभे होतो, तर आई पुटपुटली, "आमी इतके दिवस वापरतोय, तुमास्नी ठावं नसंल."

"ठाऊक आहे की. तुमच्या जिन्यावरून रोज ब्लाउजची बाही कशी कापायची ते मला ऐकू येतं. आता मीसुद्धा कापू शकेन."

"मग पासवर्ड का न्हाय लावला?"

"लावला होता. मीच विसरलो, म्हणून काढवून घेतला. आणि मग म्हटलं, असू दे उघडंच." सरांनी वाडगा टेबलावर ठेवला. "पाण्याचं माझं चुकलंच होतं."

दिवा लागला. फोन लावला. भाऊ दिसला, वहिनी दिसली, आणि ती मैत्रीण पाळण्याशी वाकलेली दिसली. मी अशी ओरडले, "थांबा! आत्या आली!" की ती बिचारी दचकून मागं सरकली. वहिनीनं हसत हसत फोन बाळाच्या कानाशी नेला. पण राऊटर कपाटाच्या माथ्यावर, तिथं पंख्याचा वारा पोचेना. सरांनी हात लावून पाहिला, एक पुठ्ठा घेतला, स्टुलावर चढले आणि त्याला वारा घालायला लागले.

"सावकाश घ्या नाव," म्हणाले. "मी आहे."

मी "कुर्र" केलं आणि नाव सांगितलं. काकूंनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की दुसऱ्यांदा ते नाव मी उचकी देऊन घेतलं. वहिनी ओरडली, "अक्का, फोनकडं वळला बघा!" खरंच वळला होता. माझ्या आवाजाकडं वळला होता तो एवढासा जीव. मी सरांच्या घरात, सरांच्या खुर्चीत, ढसाढसा रडले आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

तिकडं पेढे वाटायला लागले. मी डोळे पुसून वर पाहिलं, तर सर अजून स्टुलावरच, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. म्हटलं, "सर, उतरा आता. झालं माझं."

त्यांनी मान हलवली आणि पुठ्ठा या हातातून त्या हातात घेतला.

"अजून आजीचं बोलणं राहिलंय की."