पहिल्या रांगेतली खुर्ची

मला आक्काचा हेवा वाटायचा. आक्का म्हणजे पेरुंगुडीच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी, तंजावरकडची अठ्ठ्याहत्तर वर्षांची मराठी बाई. तिचा धाकटा भाऊ, तिचा 'तंबी', युद्धात मारला गेला. दरवर्षी इमारतीच्या अंगणात शहिदांसाठी दिवा लावतात, तेव्हा त्यांच्या घरच्यांना पहिल्या रांगेत खुर्ची असते. अशी एकच खुर्ची होती, आक्काची. मी मागे तिची पिशवी धरून उभी. दिवा लावला की ती हात जोडून म्हणायची, "पुढच्या वर्षी इथं खुर्ची वाढू नये." माझ्या पोटात दुखायचं. एक तरी वाढू दे की, माझी!

माझे वडीलही त्याच युद्धात, त्याच सीमेवर गेले. मी दोन वर्षांची होते. ते रेशनचा ट्रक चालवायचे. कांदे-बटाट्यांसकट ट्रक दरीत गेला. गावात सगळे 'अपघात' म्हणाले आणि विषय संपला. आक्काला मात्र मी एकदा "माझे वडील युद्धात गेले" एवढंच सांगितलं. बाकीचं गिळलं.

यंदा अंगणात गेले तर दोन खुर्च्या. आक्कानंच सांगून ठेवलं होतं. मी ऐटीत बसले. मग सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "यांचे वडील शत्रूशी लढताना..." जन्मभर हेच ऐकायचं होतं, आणि ऐकताना कान तापले. हा कुणी दुसराच माणूस होता. मी उठले.

"लढताना नाही. ते ट्रक ड्रायव्हर होते. रेशन पोचवताना दरीत पडले."

मी आक्काची पिशवी उचलून मागे जायला निघाले, तर तिनं पदर ओढला.

"बस गं. तंबीच्या शेवटच्या पत्रात काय होतं, ठाऊक आहे? 'आक्का, आज गरम जेवलो.' अय्यो, ते जेवण तिथवर कोण नेलं?"

तिनं काडेपेटी माझ्या हातात दिली. वात तिसऱ्या काडीला पेटली. सगळे सवयीनं आक्काकडे बघू लागले. ती माझ्याकडे बघत होती.

"आज तू माग," ती म्हणाली.

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी इथं खुर्ची वाढू नये."