आमच्या मागे फारो नव्हता

अमेरिकेत, वेस्ट विंडसरजवळच्या एका सुपरमार्केटमध्ये मी हिरव्या जुड्या चाळत होते. "कोथिंबीर कुठे ठेवलीय कोण जाणे," असं स्वतःशीच पुटपुटले, तर मागून आवाज आला, "ती पार्सली आहे, बाय. कोथिंबीर पलीकडे."

वळून पाहिलं. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, डोक्यावर ज्यू लोक घालतात तसली छोटी गोल टोपी. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. नागपूरहून एम.एस.साठी येऊन मला जेमतेम सात महिने झाले होते आणि परक्या माणसाच्या तोंडून मराठी ऐकून माझे डोळेच भरून आले.

काका अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. मुलं लहान असताना ते कुटुंब घेऊन इस्राएलला गेले, तिथे वाळवंटातल्या एका नव्या वस्तीत त्यांनी वीस वर्षं काढली. मग मुलगा शिकून अमेरिकेत आला आणि म्हातारपणी हे दोघं त्याच्यामागे. काकू त्याच हिवाळ्यात वारल्या होत्या.

"ती गेल्यानंतर मराठीत बोललो ते आजच," काका म्हणाले आणि हातातली जुडी उगीच उलटीसुलटी करत राहिले.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून आमचे लोक सुटले, त्याचा सण आहे. त्या दिवशी बापाने पोरांना ती गोष्ट सांगायचीच, तशी आज्ञा आहे आम्हाला. आमच्या पोरांशी आम्ही हिब्रूतच बोलत गेलो, त्यांना मराठी येत नाही. तू ऐकायला ये."

मी गेले. टेबलाशी काका, त्यांचा मुलगा, अमेरिकन सून आणि आठ वर्षांची नात. मधल्या ताटात बिनखमिराची रोटी, कडू पाला, वाटीत मिठाचं पाणी. काकू करायच्या तसा खजुराचा पाक काकांनी स्वतः केला होता. तो जरा तळाला लागला होता. आज सगळं निराळं का, हे घरातल्या लहानाने विचारायचं असतं. नातीने ते पुस्तकात बघून इंग्रजीत विचारलं. मुलाने इंग्रजीत उत्तर वाचायला घेतलं, आणि काका मध्येच माझ्याकडे वळून मराठीत सांगायला लागले. लोकांना सोडवून नेणारा मोशे, मिसरचा राजा फारो, विटा थापणारे गुलाम, घाईत न फुगलेली कणीक, दुभंगून वाट देणारा तांबडा समुद्र. असं सांगत होते, जसं काही चुलत्याच्या घरात घडलंय.

मुलगा थांबला. "डॅड, इंग्लिश प्लीज. तिला काही कळत नाहीये," नातीकडे बोट करून तो म्हणाला. मग थोडं हसून मला म्हणाला, "तसंही इजिप्तमध्ये उत्खनन करून करून लोक थकले. एवढी माणसं निघून गेल्याचा काही पुरावा मिळत नाही."

काका इंग्रजीत म्हणाले, "आपले पूर्वज बोट फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले. सात जोडपी वाचली. त्याचा तरी पुरावा कुठे आहे? पण तू बसला आहेस ना समोर." आणि मला, मराठीत, हळूच म्हणाले, "खरं सांगू बाय, मला ही गोष्ट सांगताना लाज वाटते. मोशेच्या मागे फारोचे रथ होते. आमच्या मागे कोण होतं? शेजारीण धावत आली होती, ओटीत नारळ घेऊन. रडत होती, जाऊ नका म्हणत होती. कुणी छळलं नव्हतं आम्हाला. आपल्या बापजाद्यांच्या भूमीला जायचं म्हणून आम्ही निघालो. आणि तिथे पोरीच्या लग्नाला धर्मगुरू विचारतात, तुम्ही खरे ज्यू कशावरून? त्या दिवशी ही रडली नाही. नुसती म्हणाली, चला गावी. मी नाही ऐकलं."

"काय म्हणताहेत?" सुनेने विचारलं.

"गावाकडच्या आठवणी," मी म्हणाले. त्यांनी माझ्याजवळ उघडं केलेलं दुःख मला त्या टेबलावर ठेवता आलं नाही.

पुढच्या वर्षी पानगळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. मुलाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. इंग्रजी आणि हिब्रू दोन्ही गेल्या होत्या, काका फक्त मराठी बोलत होते आणि हॉस्पिटलात ते कुणालाच कळत नव्हतं.

मी पोचले तर ते पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "ओहोटी लागली का?"

मी मुलाला अर्थ सांगितला. तो म्हणाला, "तांबडा समुद्र. मोशेची गोष्ट सांगताहेत, हो ना?"

"असेल," मी म्हणाले. अलिबागच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जातात, तेही मला आठवलं.

मी वाकून म्हटलं, "लागली, काका. चालत जाता येईल."

"मग हिला उठवा," ते म्हणाले.

हे मात्र मी मुलाला सांगितलं. तो खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. चौथ्या दिवशी काका गेले.

सुतकाचे सात दिवस घरचे बुटक्या स्टुलांवर बसले होते, आरसे झाकलेले. तिसऱ्या दिवशी मुलाने मला बाजूला घेतलं. त्या सणाच्या दिवशी त्यांनी काय सांगितलं होतं, हे त्याला ऐकायचं होतं. मी सगळं सांगितलं, शेजारणीचं, धर्मगुरूंचं, काकू म्हणाल्या होत्या तेही. काकांना ज्याला अर्धा तास लागला होता, ते इंग्रजीत दहा मिनिटांत संपलं.

"बहिणीच्या लग्नात आई रडत नव्हती, ते मला आठवतं," तो म्हणाला. "मला वाटलं, खूश आहे."

मग त्याने वही आणली. मी काकांचं एकेक मराठी वाक्य सांगायचे आणि तो ते इंग्रजी अक्षरांत लिहायचा, चुकीचं, खोडून पुन्हा. दोन पानं झाली.

थंडी सरताना मला नॉर्थ कॅरोलिनात नोकरी लागली. एप्रिलमध्ये, त्या सणाच्या संध्याकाळी, त्याचा फोन आला. "ओहोटी"चा उच्चार त्याला जमत नव्हता. मी तीन-चारदा म्हणून दाखवला, तो माझ्यामागून म्हणत राहिला. मग कुणीतरी हाक मारली म्हणून त्याने फोन ठेवला. नंतर त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही.