बारकं पातेलं

सून मोबाईलात चांदण्या बघून हाटेल ठरवती. मी इचारते, "चांदण्या देनारा कोंच्या पातेल्यातलं जेवला, ते लिवलंय का?" ती हासती. मला हासू येत न्हाई.

किल्लारीला भूकंप झाला, त्याच्या फुडच्या वर्साची गोष्ट. उसतोडीत माझ्या पायावर कोयता बसला. मोळ्या उचलनं जमंना, तवा शेवगावच्या रस्त्यावर एका हाटेलात भाकरी थापायला लागले. मोक्याची जागा. यष्टी तिथंच थांबायची. कंडक्टर वरडायचा, "उतरा, जेवून घ्या! ह्या रोडला असं जेवान न्हाई!" लोकं म्हनायची, रोजचा मानूस हाय, त्याला ठावं.

आत चुलीवर दोन पातेली. बारक्यात ड्रायव्हर-कंडक्टरपुरती ताजी आमटी, फुकाट. मोठ्यात पाशिंजरची. कालच्यात पानी आन तिखाट घालून उकळायची, वास मरस्तोवर. मी बी उकळलीया. खोटं कशाला सांगू?

एक दिस एक लेकुरवाळी बाई ताट घ्यायला आत आली. मी हळूच म्हनलं, "पोराला आमटी नको, नुसती भाकर चार." मालकानं ऐकलं. पिठाच्या हातानंच घालवलं मला.

रस्त्यापल्याड लिंबाखाली तीन दगडं मांडली. भाकर, पिठलं, ठेचा. घरादाराचं पोट त्याच्यावरच हुतं. एखाद-दुसरी बाई वळली, की कंडक्टर वरडायचा, "धुरळ्यातलं खाऊ नका! हागवन लागली तर गाडी थांबायची न्हाई!" समदी हासायची. माझ्या भाकरी वाळून जायच्या. त्याच आमी पान्यात भिजवून खायचो.

मंग एकदा त्यो कंडक्टरच रस्ता वलांडून आला. गाडीत त्याची म्हातारी आय हुती.

"मावशे, दोन भाकरी दे. पिठलं दे."

"का? तिकडच्यावानी जेवान न्हाई ना ह्या रोडला?"

खाली बघून म्हनला, "बारक्यात दोघांपुरतंच असतंय."

म्हंजे ठावं हुतं! मला तवर वाटायचं, भोळा हाय, त्याला चव लागती म्हनून सांगतो. अंगाची लाही झाली.

"यष्टीतल्या बाकीच्या लोकांत कुनाचीच आय न्हाई व्हय रं?"

त्यानं भाकरीसाठी हात फुडं केला.

त्याच्या हातात मी काय बी दिलं न्हाई. लंगडत गेले, खिडकीतनं म्हातारीच्या हातात भाकर दिली. आन खाली उतरलेल्या समद्या पाशिंजरला ऐकू जाईल असं म्हनलं, "खा, आक्का. तुझ्या लेकानं सोता पसंत केलीया!"