सुलतानबींचा निकाल

नांदेडच्या देगलूर नाक्याकडे सुलतानबींचं दोन खोल्यांचं घर आहे. दिवसा त्या रजया शिवतात. पण जुन्या मोहल्ल्यांत त्यांना ओळखतात ते ढोलकीमुळे. लग्नात हळदीच्या दिवशी नवरी-नवरदेवाकडच्या बायका समोरासमोर बसतात आणि गाण्यातून एकमेकींची उणीदुणी काढतात. त्या गाण्यांना गाली, म्हणजे शिव्याच म्हणतात. सुलतानबी ज्या बाजूला बसतील ती बाजू चाळीस वर्षं हरली नाही, असं बायका सांगतात. अलीकडे मात्र हळदीलाही डीजे लागतो, त्यामुळे बोलावणी कमी झाली.

त्यांची नात जेबा माझ्या कॉलेजात बी.ए.ला आहे. मागच्या वर्षी तिनं आणि तिच्या मित्रांनी कॉलेजच्या सभागृहात रॅपचा मुकाबला ठरवला. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, तीन फेऱ्यांत एकमेकांना शब्दांनी हरवायचं. मराठी शिकवतो म्हणून मी एक पंच, रेकॉर्डिंगचं दुकान चालवणारे एक गृहस्थ दुसरे. तिसरे पंच आलेच नाहीत, तेव्हा जेबा धावत घरी जाऊन दादीला घेऊन आली.

"मला काय समजतंय त्यातलं?" सुलतानबी खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाल्या.

"दादी, भांडणच हाय. फक्त यमक जुळवून," जेबा म्हणाली.

"मग समजतंय," त्या म्हणाल्या, आणि नीट मागे सरकून बसल्या.

दुपारभर पोरं येत-जात राहिली. शेवटी दोघं उरली. एक हरिओम, धर्माबादच्या मिरचीच्या आडतीवर पोती उचलणारा. मळणीयंत्रातून दाणे उडावेत तसा भराभर बोलायचा. दुसरी औशाची पुनम. डॉक्टर व्हायचं म्हणून दोन वर्षं लातूरला क्लास लावले होते, ते जमलं नाही. ती संथ बोलायची, एकेक शब्द हातात घेऊन ठेवल्यासारखी. सोळा स्पर्धकांत ती एकटीच मुलगी.

हरिओमनं सुरुवात केली.

"धर्माबादची मिरची हाय मी, हात लावशील तर डोळं चोळशील,
औशाच्या बसची वाट बघत इथंच मुक्काम ठोकशील!"

सभागृह उसळलं. त्या भरात तो पुनमच्या सावळ्या रंगावरही एक ओळ बोलून गेला. पोरं हसली. पुनमनं मान खाली घातली आणि आपल्या लातूरच्या हॉस्टेलविषयी बोलू लागली.

"खोलीत आम्ही चौघीजणी, खिडकी एकच, तीही बंद,
घरून फोन आला की म्हणायचं, मजेत हाय, अगदी आनंद."

मी वहीत तिच्या नावापुढं बरोबरची खूण केली. तेवढ्यात हरिओमनं दुसरी फेरी उचलली.

"खिडकी बंद व्हती म्हणतीस, मग दार कुणी लावलं व्हतं?
इथवर चालत आलीस न्हवं, कुणी तुला अडवलं व्हतं?"

"वाह!" सुलतानबींनी गुडघ्यावर थाप मारली.

पुनमनं मात्र पुन्हा हॉस्टेलचंच पुढचं कडवं म्हटलं, तिसऱ्या फेरीत त्याच्या पुढचं. सुंदर होतं. जेबा रडत होती. टाळ्या थांबेनात.

दुकानवाल्या गृहस्थांनी हरिओमला मत दिलं, मी पुनमला. आता सुलतानबी ठरवणार होत्या. त्यांनी माइक हातात घेतला आणि पुनमकडं बघितलं.

"बेटी, तुझं गानं लई चांगलं. माझ्या डोळ्यात पानी आलं. पन हा मुकाबला हाय. यानं तुझं ऐकलं आन् तुझाच शब्द उचलून तुला परत दिला. तू याचं ऐकलंच न्हाईस. घरून पाठ करून आणलं ते म्हनत राहिलीस." मग त्या हरिओमकडं वळल्या. "आन् तू फुगू नको. रंगाची ओळ मी मोजली न्हाई. रंग काय तिनं बाजारातून पसंत करून आणलाय? जिला गाली दिली तिला बी हसू यावं, तवा ती गाली. मत तुलाच, पन हे ध्यानात ठेव."

मागून कुणी तरी हुर्यो केली. हरिओमनं पुढं येऊन पुनमची माफी मागितली. तिनं नुसती मान हलवली आणि ती निघून गेली. वहीतली माझी खूण मला उगाच केल्यासारखी वाटू लागली. मीसुद्धा पुनमचंच ऐकत बसलो होतो, त्या दोघांतला मुकाबला ऐकलाच नव्हता.

जेबा आठ दिवस दादीशी धड बोलली नाही. सुलतानबी मला म्हणाल्या, "सर, मला बी तिलाच द्यायचं व्हतं. हात उठंना."

पंधरा दिवसांनी पुनम एसटीनं थेट त्यांच्या घरी आली. दारातूनच म्हणाली, "मला समोरच्याचं ऐकूच येत नाही. भीतीनं कान बंद होतात. काय करू?"

"आत ये. पयले चहा पी," सुलतानबी म्हणाल्या, आणि त्यांनी खुंटीवरची ढोलकी काढली. त्यांनी गाण्यातून टोमणा मारायचा, चौथ्या थापेच्या आत पुनमनं उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या वेळी ती चिडून रडली. तिसऱ्या खेपेला मी तिथं होतो. सुलतानबींनी ठेका धरला.

"औशाची पाहुनी आली गं, चहात बोट बुडवून गेली!"

दोन थापा पडल्या, तीन पडल्या.

"नांदेडची दादी भेटली गं, साखर घालायची विसरून गेली!"

सुलतानबींना मधुमेह. त्या घरात चहा बिनसाखरेचाच होतो. ढोलकी बाजूला ठेवून त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. जेबा म्हणाली, "दादी, मी किती दिवस हेच सांगून राहिले!"

हिवाळ्यात लातूरला मुकाबला झाला. पुनम तिथं उपांत्य फेरीत हरली. जेबानं मोबाइलवर तो सगळा सुलतानबींना दाखवला. समोरच्या पोराच्या प्रत्येक ओळीला पुनमनं उत्तर दिलं होतं, आणि एकदा तर तो पोरगाच हसत सुटला होता. सुलतानबींनी तेवढाच तुकडा तीनदा लावायला सांगितला.

परवा इतवारा मोहल्ल्यात एका लग्नाच्या हळदीला त्यांना बोलावणं आलं. घरच्यांनी डीजे सांगितला नव्हता. सुलतानबी नवरीकडून बसल्या. नवरदेवाकडं गाणारं कुणीच नव्हतं, म्हणून त्यांनी पुनमला औशाहून बोलावून घेतलं आणि समोरच्या सतरंजीवर बसवलं.

"आता माझी गय करू नको," त्या म्हणाल्या, आणि पहिली थाप मारली.